सोकोरो धक्क्याचं पाणी

ताल्काउआनो
६ नोव्हेंबर १९८९

एदेलमीरा पोरी,

पत्र पावाच्या पिशवीत घालून बर्फावर ठेवलंय. ओलं झालं असेल तर आईला बोल, पिशवी तिने निवडली.

तू सांगितलंस तसंच केलं. नाल्याच्या तोंडाशी, धक्क्याखाली आणि तिसऱ्यांचे शिंपले काढतो त्या पट्ट्यावर होडी थांबवली. कोपरापर्यंत हात बुडवून, बाटलीचं तोंड प्रवाहाकडे करून पाणी भरलं. चिठ्ठ्या लावल्या. धक्क्यावरची टाळकी दात काढत होती. "बाल्दोमेरो, म्हातारपणी मासे सोडून पाणी पकडायला लागलास?" मी म्हटलं, काय करणार, मासे कारखान्यांच्या जहाजांनी नेले, पाणी अजून शिल्लक आहे.

आरोग्य खात्याचा माणूस परत येऊन गेला. तुमच्या प्रयोगशाळेने आमच्या पाच पेट्या तपासायच्या आणि त्यावर ते ठरवणार. पाणी वाईट निघालं तर सोकोरो धक्क्यावर तिसऱ्या काढायला आणि विकायला बंदी. मग इथल्या घरांनी काय खायचं ते त्या माणसाने सांगितलं नाही. आर्सेनिओ संघटनेचा अध्यक्ष आहे ना, तो गावभर सांगत सुटलाय, "घाबरू नका, आपलं पाणी आपल्याच पोरीच्या हातात आहे." त्याची बायको, तुझी धर्ममाता ओतिलिया, तर रोज तुझ्या नावाने मेणबत्ती लावते. नवऱ्यापेक्षा तिचा तुझ्यावर जास्त भरवसा.

मी तुला गोड गोड लिहिणार नाही. मासळीच्या कारखान्यांनी परत रक्ताचं लाल पाणी सोडलंय. वर चरबीची साय धरते, पेलिकनसुद्धा त्यात बसत नाहीत. हे बंदर मला माझ्या तळहातासारखं ठाऊक आहे, आणि हल्ली ते बघवत नाही.

आईने पेटीत धुरी दिलेली मासळी घातली होती, मी काढून टाकली. ती माझ्याशी बोलत नाहीये.

तुझा बाप,
बाल्दोमेरो


सांतियागो
१४ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

पेटी वेळेवर आली, बर्फ टिकला होता. पेटीत खाण्याचं काही ठेवायचं नाही हे तुम्ही पाळलंत, आभार. आईला म्हणावं, मासळी माझ्या वाढदिवसाला वेगळी पाठव.

आता जे लिहिते ते तुमच्यापाशीच ठेवा. निकाल वाईट आहे. तिसऱ्यांच्या पट्ट्यावरच्या पाण्यात मैल्याचे इतके जंतू निघाले की मी जंतू वाढवायच्या काचेच्या ताटल्या पुन्हा मोजल्या. पाचही पेट्या झाल्याशिवाय अहवाल होत नाही, म्हणून आत्ताच कुणाला काही बोलू नका. पण बाबा, कच्च्या तिसऱ्या खाऊ नका. लिंबू पिळल्याने काही मरत नाही. आर्सेनिओकाका म्हणतील ते म्हणू देत.

अजून एक. पेटी उघडली तेव्हा आमचे प्रमुख, डॉक्टर उर्सुआ, शेजारी उभे होते. बाटल्यांना खवले चिकटलेले, इंजिनच्या वंगणाचे हात लागलेले, एका झाकणावर चक्क आमिषाचा तुकडा. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "एदेलमीरा, तुमच्याकडचे लोक पाणी पाठवतात की कालवण?" सगळे हसले. मीही हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. तुम्हाला वाटेल एवढ्याशा गोष्टीला काय रडायचं. पण इथे मला आधीच पाठीमागे "धक्क्यावरची" म्हणतात. बाटल्या जरा स्वच्छ पाठवत जा ना. एवढं माझ्यासाठी करा.

नव्या बाटल्या याच पेटीत आहेत.

तुमची,
एदेलमीरा


ताल्काउआनो
२० नोव्हेंबर

पोरी,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. कालवणाचं वाचायला नको होतं. संध्याकाळचा चहा झाला, पाव झाला. मग ही एकदम म्हणाली, "बाटल्या आता माझ्याकडे." आणि पेटी उचलून आत घेऊन गेली.

तेव्हापासून होडीत चढेपर्यंत मला बाटल्यांना हात लावायची परवानगी नाही. एकेक बाटली वेगळ्या कापडात गुंडाळून देते, अंडी दिल्यासारखी. होडीत ठेवायला स्वच्छ टोपली दिलीय आणि मला हात धुवायला साबण. बंदराच्या पाण्यात साबणाने हात धुऊन मग बंदराचंच पाणी भरायचं! आर्सेनिओ धक्क्यावर पोट धरून हसला. तुझ्या त्या डॉक्टरला सांग, आता बाटल्या अशा येतील की त्यात फुलं ठेव म्हणावं.

पण तो तुला हसला हे मला आवडलेलं नाही. आईला तर मुळीच नाही. तिसरीत शाळा सुटलेली बाई ती, तुझ्या पदवीचा फोटो अजून रोज पुसते.

निकालाचं मी कुणाला बोललो नाही. आर्सेनिओ रोज विचारतो. "काय म्हणते रे पोरगी?" मी म्हणतो, "तब्येतीने बरी आहे." हे फार दिवस चालायचं नाही. ओतिलियाच्या धाकट्या बहिणीच्या घरी तिसऱ्यांवाचून दुसरं काही येत नाही. रोज सकाळी ती माझ्याकडे असं बघते की मी मान खाली घालतो.

पाणी आहे तसंच आहे. परवा एक मेलेला सील वाहत आला, तो धक्क्याखाली अडकलाय.

बाल्दोमेरो


सांतियागो
११ डिसेंबर

बाबा,

हे पत्र एकट्याने वाचा. आईला वाचून दाखवू नका.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पेटीचे निकाल आले. दोन्हीत जवळजवळ काही नाही. ज्या पट्ट्यावर पहिल्या वेळी ताटल्या भरून वाहत होत्या, तिथे आता एखाददुसरा जंतू. धक्क्याखालचं पाणी पिता येईल असं दिसतंय. धक्क्याखालचं, बाबा! जिथे मेलेला सील अडकलाय असं तुम्हीच लिहिलंत.

मी तुमची मुलगी आहे आणि सोकोरोत वाढले आहे. घरोघरी काय चाललं असेल ते मला कळतं. आर्सेनिओकाका किती मागे लागले असतील तेही कळतं. किरिकिना बेटापलीकडे होडी नेली की पाणी निळंशार आहे, हे लहानपणी तुम्हीच मला दाखवलंत. तिकडून बाटल्या भरून आणणं किती सोपं आहे.

तुम्ही तसं केलं असेल तर आत्ता सांगा. मी त्या पेट्या बाद ठरवेन, काहीतरी कारण देईन, कुणाला कळणार नाही. पण सांगा. लोक हे पाणी लागलेल्या तिसऱ्या कच्च्या खातात. माणसं मरतील.

डॉक्टर उर्सुआंना काही संशय नाही. उलट परवा म्हणाले, "काय लखलखीत बाटल्या येतात हल्ली!" मला त्यांचं कौतुक ऐकवत नव्हतं.

एदेलमीरा


ताल्काउआनो
१८ डिसेंबर

एदेलमीरा,

पत्र एकट्याने वाचलं. मग आईलाही सांगितलं, कारण या घरात आम्ही एकमेकांपासून काही लपवत नाही.

मी या बंदरात चाळीसहून जास्त वर्षं आहे. दुसऱ्याच्या जाळ्यातला मासा कधी घेतला नाही. तराजूवर अंगठा ठेवला नाही. आणि माझी मुलगी, जिला मी याच होडीवर शिकवली, ती मला विचारते की बाबा, तुम्ही चोर आहात का?

आर्सेनिओने मला खरंच विचारलं होतं, बेटापलीकडून भरून आणशील का म्हणून. मी त्याला सांगितलं की पुन्हा हे बोललास तर धक्क्यावरून ढकलून देईन. माझा जिगरी दोस्त आहे तो, तुझ्या बाप्तिस्म्याला त्यानेच तुला हातात घेतलं होतं. तरी सांगितलं.

पाणी तू दाखवलेल्या जागेवरूनच येतं. तुला पटत नसेल तर स्वतः ये आणि भर. उरलेल्या पेट्या पाठवीन, कारण शब्द दिलाय. पत्र पाठवणार नाही.

बाल्दोमेरो


सांतियागो
९ जानेवारी १९९०

बाबा,

शेवटची पेटीही आली. तीत पत्र नव्हतं, चौथ्या पेटीतही नव्हतं. नाताळला आईने पाठवलेला गोड पाव मिळाला, त्यावरही चिठ्ठी नव्हती. असला नाताळ मी आयुष्यात काढला नाही.

मी तुमची माफी मागते.

तुमचं उत्तर आल्यावर मी बाटल्यांतल्या पाण्याचं मीठ तपासलं. हे आधीच करायला हवं होतं. बंदरात नाल्याचं गोडं पाणी मिसळतं, म्हणून तिथे मीठ कमी असतं. बेटापलीकडे ते भरपूर असतं. तुमच्या सगळ्या बाटल्यांत मीठ कमी निघालं, शिवाय कारखान्यांची चरबीही निघाली. म्हणजे पाणी आपल्या धक्क्याचंच होतं. तुम्ही खरं बोलत होतात आणि मी तुम्हाला नको ते लिहिलं. लिहायला हात कसा धजला माझा!

मग जंतू गेले कुठे, हे मी डॉक्टर उर्सुआंना विचारलं. ते म्हणाले, नोव्हेंबर अखेरपासून उन्हाळ्याचं ऊन कडक आहे, कारखान्यांचा हंगाम मंदावलाय, बंदर आपोआप सुधारतं कधीकधी, पहिली पेटी एखाद्या वाईट दिवसाची असेल. ते वीस वर्षं हेच काम करताहेत. मला थोडी रुखरुख आहे, पण पाचातल्या चार पेट्या एकच सांगतात, आणि त्या तुम्ही भरल्या आहेत. आता त्यावर संशय घ्यायची मला हिंमत नाही आणि इच्छाही नाही.

काल अहवालावर सह्या झाल्या. खाली माझीही आहे. सोकोरोवर बंदी येणार नाही. ओतिलियामावशीला सांगा, मेणबत्ती पावली.

राग सोडा आणि चार ओळी लिहा.

तुमची,
एदेलमीरा


ताल्काउआनो
१५ जानेवारी

पोरी,

माफी कसली मागतेस. मीच रागाच्या भरात वेडंवाकडं लिहिलं. आईने मला महिनाभर ऐकवलं की लेकीला असं लिहितात का. तुझं पत्र मी धक्क्यावर उभं राहून वाचलं आणि सगळ्यांच्या देखत डोळे पुसले. काय म्हणायचं ते म्हणोत.

तुझ्या अहवालाची प्रत आर्सेनिओने काचेत बसवून संघटनेच्या खोलीत लावली. सही तुझी कुठली ते प्रत्येकाला बोट लावून दाखवतो, काचेवर डाग पडलाय.

काल या हंगामासाठी पट्टा उघडला. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, पट्टा चांगला आहे असा शब्द ज्याने दिला त्याने पहिली टोपली सगळ्यांसमोर खायची, आणि त्याच्यानंतरच विक्री. शब्द तर तू दिलेलास. आर्सेनिओ म्हणाला, "पोरगी सांतियागोला, तेव्हा तिच्या वतीने बापाने खायचं." तू कच्च्या खाऊ नका म्हणाली होतीस ते लक्षात होतं, पण ते पहिल्या पेटीचं. आता तुझा कागद काय सांगतो? मी खाल्ल्या नसत्या तर लोक म्हणाले असते, बापाचाच लेकीवर विश्वास नाही. लिंबू पिळून टोपली संपवली. शेवटी शेवटी पोट गच्च झालं होतं, पण एकही सोडली नाही. मग ओतिलिया पुढे झाली. म्हणाली, "माझी धर्मकन्या आहे, दुसरा मान माझा." नंतर झुंबडच उडाली. तळलेल्या माशांकडे कुणी बघेना.

आईने मात्र खाल्ल्या नाहीत, तिला लहानपणापासून कच्चं सोसत नाही. ती बाजूला उभी राहून नुसती हसत होती. तिला इतकी खूश मी तुझ्या पदवीनंतर पहिल्यांदाच पाहिली.

सुट्टी मिळाली तर फेब्रुवारीत ये.

तुझा बाप,
बाल्दोमेरो


ताल्काउआनो
९ फेब्रुवारी

माझ्या सोन्या,

हे मी लिहितेय, आई. अक्षराला हसू नकोस. तुझे बाबा दवाखान्यात आहेत. टायफॉईड आहे म्हणतात. ओतिलियाही तिथेच आहे, बायकांच्या खोलीत, आणि सोकोरोतली बरीच माणसं आहेत. खाटा पुरत नाहीत.

बाबांना आधीपासून ताप येत होता. मला सांगितलं नाही. दुपारी होडीत जाऊन पांघरूण घेऊन पडायचे आणि घरी येऊन म्हणायचे, ऊन लागलं. मी हात लावला तर अंग भाजत होतं. मी म्हटलं, चला डॉक्टरकडे. तर म्हणाले, "सुनिल्दा, मी आजारी पडलो हे कळलं तर पोरीचा कागद खोटा पडेल. आधी उतरतोय का बघू." असे दिवस घालवले. परवा रक्त पडलं तेव्हा मी आर्सेनिओला हाक मारली. डॉक्टर म्हणतात फार उशिरा आणलं. आतडं कमजोर झालंय, फुटू शकतं.

लोक काय काय बोलतात. कुणी म्हणतं लिंबं खराब होती, कुणी म्हणतं विहीर. पाण्याचं नाव कुणी घेत नाही, तुझा कागद आहे ना. कालच आरोग्य खात्याचा पोरगा विचारत होता, पाणी नीट भरलं होतं का. मी त्याला चांगलंच झापलं. म्हटलं, बाटल्यांची काळजी मी घेतली आहे. तुझ्या त्या साहेबाने हसल्यापासून प्रत्येक बाटली मी हाताने घासली. तुमच्याकडून यायच्या त्यांच्या तळाला पांढरी पूड असायची, मोठी प्रयोगशाळा आणि बाटलीत धूळ, पण मी तुला बोलले नाही, उगाच तुला वाईट वाटायचं. ती धुऊन काढायची, मग कपडे पांढरे करायचं क्लोरीन भरून रात्रभर ठेवायची, आणि सकाळी ओतून तशीच झाकण लावून द्यायची, म्हणजे वाटेत पुन्हा घाण लागणार नाही. इतक्या स्वच्छ बाटल्या त्या राजवाड्यातही नसतील. तुझ्याकडे कुणी नाक मुरडू नये एवढंच मला होतं.

तेव्हा तू तुझ्या डॉक्टरांना सांग की पाण्यात काही नव्हतं, दुसरं काहीतरी शोधा. आणि लवकर ये. बाबा झोपेत तुला हाक मारतात.

तुझी आई


सांतियागो
११ फेब्रुवारी

बाबा,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे दिलंय, तो नर्सच्या हातात देईल. आईसमोर उघडू नका.

आईचं पत्र आलं. बाबा, बाटल्यांच्या तळाची पूड आम्हीच घालतो. पाण्यात कुठे क्लोरीन असलं तर ती त्याला मारते, म्हणजे जंतू असतील तसे जिवंत आमच्यापर्यंत पोहोचतात. आईने ती पूड धुऊन काढली आणि क्लोरीनचे थेंब आत राहू दिले. तुम्ही भरलेलं पाणी बाटलीतच साफ झालं. आम्ही ताटल्यांत जे तपासलं ते बंदराचं पाणी नव्हतंच. पहिली पेटी खरी होती. बाकी सगळं खोटं होतं आणि त्यावर माझी सही आहे.

मी लिहिलं होतं, बाटल्या स्वच्छ पाठवा. बाहेरून, असं लिहिलं नाही. मला लाज वाटली होती तेवढ्यापुरती. तिने ते मनावर घेतलं. मी कशी जगू सांगा.

अहवाल मी आज मागे घ्यायला लावतेय. उद्या पट्टा बंद होईल, तिसऱ्या कुणी खाणार नाही. पण डॉक्टर उर्सुआ कारण लेखी मागतात, आणि ते कारण आरोग्य खात्यातून संघटनेकडे जाणार. सोकोरोत ते सगळ्यांसमोर वाचलं जाईल. आई तिथे असेल. ओतिलियामावशीची तब्येत मला कळली आहे. आपल्या हातून हे झालं हे आईला कळलं तर ती उभी राहणार नाही.

मी माझी चूक म्हणून लिहायला तयार आहे. पण बाटल्यांचा विषय निघाला की लोक आईला विचारणारच, आणि ती अभिमानाने सगळं सांगेल. तिने त्या पोराला अर्धं सांगितलंच आहे. मी काय लिहू? शुक्रवारी मी येतेच आहे, पण कागद त्याआधी द्यायचा आहे.

बरे व्हा. तुमच्या पाया पडते, बरे व्हा.

एदेलमीरा


ताल्काउआनो, दवाखाना
१३ फेब्रुवारी

पोरी,

थोडक्यात लिहितो.

कागद मागे घेतलास ते उत्तम केलंस. माझी पोरगी आहेस.

कारण असं लिही. बाल्दोमेरोने पाणी किरिकिना बेटापलीकडून भरलं. धक्का बंद पडू नये म्हणून फसवलं. मी कबूल केलं असं लिही, सोबत वेगळ्या कागदावर तसं लिहून सही केलीय, तो पुरावा म्हणून लाव. हे पत्र फाडून टाक. आर्सेनिओने मला हे करायला सांगितलं होतं, तेव्हा त्याला लगेच पटेल. बाटल्यांचा प्रश्नच येणार नाही. पाणीच खोटं, मग बाटलीचं कोण विचारतं?

तू म्हणशील, बाबा, लोक तुमच्या नावाने थुंकतील. थुंकू देत. डॉक्टर माझ्याकडे कसे बघतात ते मला दिसतं, मेल्यावर मला कोण तुरुंगात घालणार आहे. सुनिल्दाला अजून जगायचं आहे, आणि याच गल्लीत जगायचं आहे. काल रात्री ओतिलिया गेली. सुनिल्दाने तिला आंघोळ घातली, केस विंचरले. पन्नास वर्षांची मैत्रीण होती. सुनिल्दाला बाटल्यांचं कळलं तर ती दुसऱ्या दिवशी समुद्रात जाईल. मी तिला ओळखतो.

तू डिसेंबरमध्ये मला जे विचारलं होतंस त्याचा मला फार राग आला होता. आता तेच खरं आहे असं सगळ्यांना सांग. तुझ्या तोंडून आलं की लोकांना पटेल. आईलाही पटेल. तिला कधी सांगायचं नाही, मी गेल्यावरही नाही. शब्द दे.

ये लवकर.

बाबा


ताल्काउआनो
१८ मार्च

एदेलमीरा,

तू परत गेल्यापासून घर खायला उठतं.

अंत्ययात्रेच्या दिवशी तू पाहिलंसच. सोकोरोतला कोणीही गेला की सगळ्या होड्या भोंगे वाजवत बंदरात एक फेरी मारतात. दारूत बुडून मेलेल्या कोसमेसाठीही मारली होती. तुझ्या बाबांसाठी एक होडी हलली नाही. आर्सेनिओ दारात पाठ फिरवून उभा होता. मी त्याला दोष कसा देऊ, त्याची ओतिलिया गेली. माझीही गेली. आता त्याने संघटनेच्या भिंतीवरून बाबांचा फोटो उतरवला आणि कागदात गुंडाळून माझ्या उंबऱ्यावर ठेवला.

मी इतकी चिडले आहे त्यांच्यावर की दोन रविवार कबरीवर गेले नाही. मी रात्र रात्र त्या बाटल्या घासल्या, हातांची सालं गेली, आणि हा माणूस त्या घेऊन बेटापलीकडे जातो! माझ्या बाटल्यांत खोटं भरून आणतो! आणि पुन्हा स्वतः ते कच्चं खातो, ओतिलियाला खाऊ घालतो. असं कसं करवलं त्यांना?

पण रात्री झोप लागत नाही, मग दुसरं मनात येतं. डिसेंबरमध्ये तुझं ते पत्र आलं तेव्हा ते जेवले नव्हते. अंगणात बसून राहिले होते. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, "पोरीने मला चोर म्हटलं." त्यांचे डोळे मी पाहिले होते, एदेलमीरा. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी एकदाही खोटं बोललेला मला सापडला नाही. चोराचे डोळे तसे असतात का? आणि बेटापलीकडे वल्ही मारत जाऊन यायला अर्धा दिवस लागतो, ते तर पाणी भरून न्याहारीला घरी असायचे. का मध्ये कुठेतरी इंजिन लावून पटकन जायचे? मला होडीतलं कळत नाही.

तू शिकलेली आहेस. पाणी तुला कळतं. मला एकच सांग, त्यांनी ते केलं का? तू नाही म्हणालीस तर मी आजच आर्सेनिओच्या दारात जाऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगीन आणि फोटो परत लावायला लावीन. मग खरं कारण काय ते तुम्ही शोधा, मी मागे हटणार नाही. तू हो म्हणालीस तर त्यांचे कपडे चर्चला देऊन टाकीन आणि पुन्हा विचारणार नाही.

तू जे लिहिशील ते मी मानीन.

आई


सांतियागो
२२ मार्च

आई,

तुझं पत्र मी पुष्कळदा वाचलं.

हो. बाबांनीच केलं. ते इंजिन लावून जायचे, त्यांनी मला दवाखान्यात सांगितलं. शिवाय आम्ही इथे पाण्याचं मीठ तपासलं, बेटापलीकडे मीठ जास्त असतं, आणि बाटल्यांत ते जास्तच निघालं. त्यात शंका नाही. तुझ्या बाटल्या चांगल्या होत्या, आई. तुझ्याकडून काही चुकलं नाही, कुणी काही म्हणालं तरी तू तसं मनात आणायचं नाहीस. आर्सेनिओकाकांकडे जाऊ नकोस.

ते वाईट नव्हते. धक्का बंद पडला तर लोकांचं कसं होईल या काळजीने त्यांच्या हातून झालं. तुझ्यावर त्यांचा फार जीव होता, हे मी तुला माझ्या शपथेवर सांगते, आणि यातलं एवढं तरी तू माझं खरं मान. तुला राग आला असेल तर राग राहू दे, पण रविवारी जाऊन ये. थोडा वेळ बसून ये. माझ्यासाठी म्हणून जा.

कपडे चर्चला देऊ नकोस. मला हवे आहेत. बसने पाठव, मी इथे स्टँडवर उतरवून घेईन.

तुझी,
एदेलमीरा